दुर्बीण विकत मिळते, अंधार नाही

डिसेंबर २०२३ चा मध्य होता. कन्हानपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात आम्ही गव्हाचे प्रात्यक्षिक लावले होते. पेरणीला वीस दिवस झाले होते. मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी गव्हाला पहिले पाणी मिळालेच पाहिजे, हे मी तीस वर्षे सांगत आलो आहे. त्या वर्षी पेंचच्या नहराची पाळी नेमकी रात्रीची आली. पाणी वेळेवर वावरात पोचते की नाही हे डोळ्यांनी पाहावे, म्हणून मीही स्वेटर, मफलर चढवून धुऱ्यावर जाऊन बसलो.

अमावस्या होऊन एक-दोनच दिवस झाले होते. ज्यांचे वावर होते ते काका सत्तरीकडे झुकलेले. दांडाला फावडे लावून ते माझ्याजवळ येऊन टेकले आणि उत्तरेकडे मान वळवून म्हणाले, "एक वाजाले आला, सायेब."

मी मोबाईल काढून पाहिला. एकला दहा मिनिटे कमी होती.

"घड्याळ कोठे आहे तुमचे?"

"ते काय," काकांनी फावड्यानेच दाखवले. "खाटलं दहा-अकराले निंगालं. मांगून दोन चोर आले. आता शेवटला चोर वर येऊन राह्यला. या दिवसात तो निंगाला का एक वाजला समजाचं. पौषात लवकर येते मंग."

सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे खाट चोरायला टपलेले तीन चोर. ही गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली होती आणि मी ती पार विसरलो होतो. मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस. मातीचा सामू, खताच्या मात्रा, किडींची शास्त्रीय नावे मला तोंडपाठ. पण त्या रात्री उत्तरेकडचे सात तारे मला धड ओळखता आले नाहीत. एकेकाळी मी हाताने दुर्बीण तयार केली होती, हे काकांना सांगायची मला लाज वाटली.

एवढ्यात मिथुन राशीच्या बाजूने एक तारा सर्रकन तुटला. मग दुसरा, आणि थोड्या वेळाने तिसरा. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास हा उल्कावर्षाव होतो. तेही मला घरी आल्यावर जुनी वही उघडून पाहावे लागले.

रेतीवरचा धूमकेतू

त्या वहीच्या पहिल्या पानावर मार्च १९८६ अशी नोंद आहे. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याला वळसा घालून परत निघाला होता आणि मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला दिसत होता. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी कोठून तरी दोन डोळ्यांची दुर्बीण मागून आणली आणि आम्हा पाच-सहा पोरांना पहाटे चारला कन्हान नदीच्या रेतीवर नेले. थंडीने दात वाजत होते. दिसला तो कापसाच्या बोंडातून सुटलेल्या पेळूसारखा एक पुसट डाग. वर्तमानपत्रातली लांबलचक शेपटी कोठेच नव्हती. बाकीची पोरे हिरमुसून घरी गेली. मी मात्र तसाच उभा राहिलो, कारण गुरुजी म्हणाले होते, "पाहून घे रे, पुन्हा हा २०६१ मध्ये येणार." मी बोटांवर हिशेब केला. तेव्हा मी नव्वदीच्या घरात असेन.

पुढे नागपूरला कृषी महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या एका मित्राबरोबर सहा इंची आरसा घासला. ज्यांनी हे काम केले नाही त्यांना थोडे सांगतो. जाड काचेच्या दोन गोल तबकड्या घ्यायच्या. एक खाली पक्की बसवायची, दुसरी वर ठेवायची आणि मध्ये कार्बोरंडमची ओली भुकटी टाकायची. मग पिंपाभोवती फिरत फिरत वरची काच पुढे-मागे घासायची. घासता घासता वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर होते. भुकटी क्रमाक्रमाने बारीक करत न्यायची आणि शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. आरसा बरोबर झाला की नाही हे दाढीच्या पात्याने तपासतात. आरशाकडून परतलेला प्रकाश जेथे एका बिंदूत मिळतो तेथे पाते आडवे सरकवायचे आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सासुद्धा या युक्तीपुढे ढोबळ ठरतो. आम्हाला चार महिने लागले. पत्र्याच्या नळीत तो आरसा बसवून शनीकडे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मित्र मला म्हणाला, "तू काचेवर चित्र तर काढून ठेवलं नाहीस ना?"

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला साध्या डोळ्यांनी झळकत होता. तो मी आमच्या याच दुर्बिणीतून अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला. दोन वर्षांनी बदली झाली. सामान उतरवताना ट्रंक माझ्याच हातून निसटली आणि धोतरात गुंडाळून ठेवलेल्या आरशाचे तीन तुकडे झाले. मग नोकरी, मुलांची शिक्षणे, बोंडअळी, कर्जमाफीच्या याद्या, सर्वेक्षणे, पंचनामे. बावीस-तेवीस वर्षे मी आकाशाकडे पाहिले ते केवळ पाऊस येतो का यासाठी.

मधूनच कधी टोचणी लागे. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते की चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढेच अंतर राहिले होते. मी स्लॅबवर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिलो. आणि २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ पुष्कळांना आठवत असेल. आकाशातून आगीच्या रेघा ओढत काहीतरी गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. आमच्याकडेही ते जाताना दिसले. रात्री नऊपर्यंत मला सात-आठ फोन आले, "सायेब, काय व्हय ते? अपशकुन तं नाई?" त्यांना वाटले, शिकलेला माणूस सांगेल. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत हे मला इतरांसारखेच दुसऱ्या दिवशी पेपरातून कळले. उल्का क्षणात विझते आणि अवकाशातला मोडका भंगार मात्र सावकाश, तुकडे तुकडे होत जळतो, एवढा फरक मला ठाऊक असता तर त्या रात्री कित्येक घरांतली भीती मी मोडू शकलो असतो.

खाटल्याच्या चोरांनी अखेर मला परत वळवले. २०२४ च्या संक्रांतीनंतर मी नवी दुर्बीण मागवली.

मठातला दुर्बीणवाला

माझी नवी दुर्बीणही सहा इंचीच आहे. पण आता आरसा घासावा लागत नाही. खोक्यातून नळी काढली, लाकडी बैठकीवर ठेवली, की झाले. या जातीला डॉब्सनियन म्हणतात, आणि हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या जॉन डॉब्सन यांची हकिकत आपल्या लोकांना आवडावी अशी आहे. डॉब्सन अमेरिकेत रसायनशास्त्र शिकले आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संप्रदायाच्या मठात, संन्यासी झाले. अंगावर पैसा नाही. म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा मिळवून त्यांनी आरसे घासले, पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या आणि तोफेसारखी वर-खाली, आजूबाजूला फिरणारी साधी लाकडी बैठक तयार केली. रात्री मठाबाहेर पडून ते पोरासोरांना चंद्र, शनी दाखवत. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी फुटपाथवरच्या आकाशदर्शनाची मंडळी उभी केली आणि २०१४ साली, ९८ व्या वर्षी वारेपर्यंत ते जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून दुर्बिणीशी बोलावत राहिले. त्यांनी या बैठकीवर हक्क सांगितला नाही. म्हणूनच आज सहा इंची दुर्बीण सामान्य माणसाला परवडते. मला ती तीस हजारांच्या आत-बाहेर पडली. घरात या आकड्यावर दोन दिवस अबोला होता, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

दुर्बिणीचे खरे काम वस्तू मोठी दाखवणे हे दुसऱ्या नंबरचे. पहिले काम प्रकाश गोळा करणे. पावसाचे पाणी वाटीत धरले तर वाटीभरच, हौदात धरले तर हौदभर. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. पन्नाशीनंतर ती पाचच्या आसपास अडते. म्हणजे सोळाव्या वर्षी नदीच्या रेतीवर माझा डोळा जेवढा उजेड पीत होता, त्याच्या निम्माच आता पितो. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आहे. डोळा होता तेव्हा दुर्बीण नव्हती, दुर्बीण आली तेव्हा डोळा उतरला. दीडशे मिलिमीटरचा आरसा हे नुकसान भरून काढतो. माझ्या आजच्या डोळ्यापेक्षा तो नऊशे पट प्रकाश गोळा करतो. तरीही ऑपरेशनपूर्वी आणि नंतर काय फरक पडतो ते वहीत लिहून ठेवायचे मी ठरवले आहे.

यंदा दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो आणखी नवीच चीज घेऊन. तिला डोळा लावायची सोयच नाही. पाटीएवढे एक यंत्र, त्यात पन्नास मिलिमीटरचे भिंग आणि कॅमेरा. मोबाईलवर 'मृगातला तेजोमेघ' असे निवडले की यंत्र आपणहून फिरते, आकाशातल्या ताऱ्यांच्या खुणा ओळखते आणि नेम धरते. मग दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते. दहा मिनिटांत आमच्या कन्हानच्या स्लॅबवरून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातसुद्धा, तो तेजोमेघ गुलाबी फुलासारखा मोबाईलवर उमटला. माझ्या सहा इंचीतून तोच नुसता राखाडी धुरकट दिसतो. मी थक्क झालो हे कबूल करतो.

आईला बोलावून दाखवले. तिला ऐंशी पूर्ण झाली आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झालेली. ती म्हणाली, "हे तं टीव्हीच झालं. असं तं घरात बसूनबी दिसते." मग मी तिला खुर्चीवर बसवून माझ्या दुर्बिणीतून अष्टमीचा चंद्र दाखवला. बराच वेळ ती बोललीच नाही. डोळा काढला आणि म्हणाली, "खड्डे हायेत बाप्पा! पाऊस पडल्यावर बैलाचे खूर उमटतात तसे." तेव्हापासून घरात मोबाईलवाल्या दुर्बिणीचे आणि डोळ्याच्या दुर्बिणीचे असे दोन पक्ष आहेत. मी आईच्या पक्षात. पण ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांना एकाच वेळी वर्गभर मुलांना दाखवायचे आहे त्यांना मुलाचे यंत्र खरोखर उपयोगी आहे. चांगल्या दुभत्या म्हशीच्या आतल्या किमतीत ते येते. दूध मात्र देत नाही, असे सौभाग्यवतींचे म्हणणे.

मृग लागतो म्हणजे काय?

शेतकरी बंधू-भगिनींनो, आता आपल्या रोजच्या कामाचे. मृगाचे तीन तारे एका ओळीत असतात. ते ओळखले नाहीत असा शेतकरी विरळा. डिसेंबरच्या मध्यात हा मृग मध्यरात्री डोक्यावर येतो. ताऱ्यांचे वेळापत्रक दर दिवशी चार मिनिटांनी अलीकडे सरकते. महिन्याला दोन तास होतात. म्हणून जानेवारीत तो दहाच्या सुमारास डोक्यावर येतो, मार्चमध्ये संध्याकाळी. मे अखेर तो पश्चिमेच्या संधिप्रकाशात बुडतो आणि जूनमध्ये दिसतच नाही. का दिसत नाही? कारण त्या बाजूला सूर्य जाऊन उभा राहिलेला असतो. ७ किंवा ८ जूनला 'मृग लागला' म्हणतात ते हेच. सूर्य त्या ताऱ्यांच्या घरात गेला. काकांच्या वावरात मध्यरात्री माथ्यावर असलेले तारे बरोबर सहा महिन्यांनी भर दुपारी सूर्याच्या शेजारी असतात. आपल्याला ते उजेडामुळे दिसत नाहीत, इतकेच.

म्हणजे नक्षत्र हे पंचांगाचे पान आहे, पावसाचा मालक नव्हे. आणि हे पानही हळूहळू सरकते आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याला संपातचलन म्हणतात. त्यामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या हिशेबाने नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या पुढे जातात. वराहमिहिराच्या काळी, दीड हजार वर्षांपूर्वी, सूर्य मृगात आजच्यापेक्षा तीन आठवडे आधी, म्हणजे मेच्या मध्यात जात असे. तेव्हाचा शेतकरी मृगावर पेरता तर बियाणे वाया गेले असते. आज तारीख पावसाच्या जवळपास जुळते म्हणून म्हण टिकली. पण 'मृग निघाला, पेरून टाका' असे म्हणून कोरड्या मातीत सोयाबीन आणि सरकी टाकणारे आणि जुलैत दुबार पेरणीचे बियाणे शोधत हिंडणारे मी दरवर्षी पाहतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका, हे मी पुन्हा सांगतो. हे सांगायला मला पूर्वी शिवारफेरी काढावी लागे. आता मी डिसेंबरात मृग दाखवतो आणि जूनमध्ये तो कोठे गेला ते विचारतो. माणसे चटकन समजतात.

आपल्या जुन्या माणसांनी हे आकाश वाचलेले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून तिथल्या लोकांचे ताराज्ञान टिपले. त्यांचा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खाट आणि तीन चोर आहेत. मृगाच्या मधल्या ताऱ्यांना तेथे नांगर म्हणतात. पुस्तकात शिकारी असलेला मृग आमच्या जंगलपट्टीत नांगर झाला, यात नवल नाही. जो जे करतो त्याला आकाशात तेच दिसते.

हॅलोजनखालचे सोयाबीन

नवी दुर्बीण घेऊन मी स्लॅबवर गेलो तेव्हा पहिल्याच रात्री कळले की १९८६ चे आभाळ आता कन्हानात नाही. कामठी-नागपूरच्या दिशेला आकाश पांढुरके पडलेले. खाणींच्या बाजूला झोताचे दिवे. हमरस्त्यावर खांबाला खांब. आकाशगंगेचा पट्टा, जो नदीच्या रेतीवरून धुतलेल्या धोतरासारखा दिसायचा, तो पार पुसला गेला आहे. दुर्बीण कितीही मोठी घ्या, हा पांढुरका उजेडही ती तितकाच गोळा करते.

मग एका शनिवारी दुर्बीण जीपमध्ये घालून जबलपूर मार्गाने मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलपट्टीत गेलो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आशियात ते पाचवे. यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले. दिवे काढून टाकले नाहीत बरे. उजेड खाली जमिनीवर पडेल, आभाळात उडणार नाही, असे केले. आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या, आपल्यासारख्याच गावांनी हे केले, याचा मला अभिमान वाटला.

तेथे गाडीचे दिवे बंद करून मी अर्धा तास नुसता उभा राहिलो. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि मग आकाशगंगा दिसली. देवयानीतला तो धूसर ठिपका, ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षे लागतात, तो मला दुर्बिणीशिवाय, या उतरलेल्या डोळ्यांनी दिसला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दिसला.

अंधार ही चैनीची गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. मी शेतीखात्याचा माणूस म्हणून सांगतो, तसे नाही. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने रानडुकरांसाठी धुऱ्यावर रात्रभर हॅलोजन लावला. डुकरे चार दिवस बिचकली आणि मग सरावली. पण दसऱ्याच्या सुमारास सगळे सोयाबीन पिवळे पडून वाळत असताना दिव्याखालचा अर्धगोल तेवढा हिरवागार उभा होता. त्यांना वाटले, तेथे खत जास्त पडले. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलावर येते आणि पिकते. दिव्याने रात्रच होऊ दिली नाही, तर झाडाला ऋतू बदलला हे कळणार कसे? तीच गोष्ट पतंगांची. आपण प्रकाश सापळा लावतो तो किडीचे पतंग उजेडाकडे ओढले जातात म्हणून. रात्रभर वावराकडे तोंड करून जळणारा दिवा हाही सापळाच, फक्त खाली पाणी भरलेले घमेले नसते. पतंग येतात आणि जवळच्या पिकावर अंडी घालतात. दिव्याला वरून पत्र्याची टोपी घालणे आणि कामापुरताच तो जाळणे, याला खर्च फारसा नाही.

विकत घ्यायची झालीच तर

पुष्कळ जण विचारतात म्हणून लिहितो. प्रथम दुर्बीण घेऊच नका. एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी काढा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. नागपूर भागात ध्रुव तारा उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित वर सापडतो. त्यानंतर दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, जिच्यावर ७×५० किंवा १०×५० लिहिलेले असते. तिच्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात, जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पहिल्यांदा पाहिले. कृत्तिकांचा झुबकाही तिच्यातूनच सर्वांत देखणा दिसतो.

'५२५ पट मोठे दिसेल' असे खोक्यावर छापलेल्या स्वस्त दुर्बिणीला भुलू नका. आरशाच्या वा भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे मोठे करून काही उपयोग नसतो, नुसता भुरकटपणा वाढतो. साठ मिलिमीटरचे भिंग असेल तर १२० पट, पुरे. डुगडुगणारी तिपाई तर मुळीच घेऊ नका. शनीची कडी पाहायची असतील तर थोडा धीर धरा. मार्च २०२५ मध्ये ती आपल्या बाजूने अगदी कडेवर, सुरीच्या धारेसारखी आली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण फाकतील. चंद्र पौर्णिमेला पाहू नका, अष्टमीच्या मागेपुढे पाहा. सावल्या लांब असतात तेव्हाच खड्डे उठून दिसतात. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा, म्हणजे डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाही. लाल उजेडात साप मात्र नीट दिसत नाही, तेव्हा धुऱ्यावर चालताना पांढरी बॅटरी आणि पायात बूट हवेतच. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही, चुकूनही वळवू नका. भिंगाने कागद जळतो तसा डोळा जळतो, आणि जळताना दुखतही नाही. दिवसा दुर्बिणीला झाकण घालून ती पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

गेल्या मार्चमध्ये गहू कापणीला आला तेव्हा मी दुर्बीण घेऊन त्या काकांच्या खळ्यावर गेलो. रात्री नऊ-साडेनऊला खाटले ईशान्येला चांगले वर आले होते. मी मधल्या चोरावर नेम धरला. हा वसिष्ठ, आणि याला चिकटून जी बारीक अरुंधती असते ती काकांना अजून साध्या डोळ्यांनी दिसते. मला दिसायला आता प्रयास पडतो. पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे दिसतात, अगदी सुटे सुटे. काकांनी टोपी काढली, एक डोळा मिटला आणि वाकून पाहिले. मग ताठ उभे राहून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वर पाहिले, आणि परत वाकले.

"सायेब," ते म्हणाले, "आमी आजवर तीनच चोर मोजत होतो. हे तं पाच निंगाले. म्हातारीची खाट काई वाचत नाई आता."